ब्रशची शेपटी

रंगाच्या कामात थोरल्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट इतर कुणाला कळण्याआधी त्याला स्वतःला कळली होती. नवा फ्रिज गोदामातून दुकानात येताना कुठे तरी घासतो, लिफ्टचं दार बसवताना कुणाच्या तरी हातून पाना निसटतो, नव्याकोऱ्या गाडीच्या दारावर कुणी तरी जळकुटा माणूस किल्ली ओढून जातो. अशा वस्तू त्याच्या शेडमध्ये यायच्या. परत जाताना ओरखडा नेमका कुठे होता, हे आणून देणाऱ्यालाही बोट ठेवून सांगता यायचं नाही. थोरला मग ब्रश कानामागे खोचायचा आणि म्हणायचा, "शोधा. सापडला तर मला पण दाखवा."

आता ओरखडा भरणं म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. ब्रशचं टोक रंगात बुडवायचं आणि रेघेवर टेकवायचं. पण रंग बेटा रेघेत मावेल तेवढाच थांबत नाही, काठावर चढून बसतो, आणि वाळला की तिथे फुगीर टिकली उरते. ओरखडा गेला आणि पुळी आली, अशी गत. बाकीचे रंगारी मग ती टिकली पॉलिश पेपरने घासत बसतात, घासता घासता आजूबाजूची चकाकी घालवतात, आणि शेवटी गिऱ्हाइकाला म्हणतात, आता एवढं तर दिसणारच साहेब. थोरल्याच्या कामात टिकली उरायचीच नाही. का उरत नाही, असं कुणी विचारलं तर तो आपला उजवा पंजा वर करून दाखवायचा. "हात," एवढंच म्हणायचा. बाकी सगळ्या जगाला दोन हात असतात हे त्याच्या गावीही नसायचं.

काम करताना तो सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. खांद्यामागे कुणी उभं राहिलेलं त्याला खपायचं नाही. अपवाद एकच, धाकटा. रंग भरताना ओल्या रंगावर तिरपा उजेड पडावा लागतो, म्हणून कुणी तरी दिवा धरून उभं राहावं लागतं. आई-वडील गेल्यावर धाकट्याला थोरल्याने आणि वहिनीने वाढवलं होतं, त्याची शाळेची फी भरली होती आणि त्याच्या मोबदल्यात शेडमध्ये त्याच्या हातात दिवा दिला होता. तेव्हापासून त्याचं नाव दिवटा पडलं. गिऱ्हाइकांसमोरही थोरला हाक मारायचा, "अरे दिवट्या, उजेड ओरखड्यावर पाड, माझ्या नाकावर नको." गिऱ्हाईक हसायचं. धाकटाही हसायचा. मिशा फुटल्या तरी दिवट्याच, लग्न झालं तरी दिवट्याच, नव्या नवरीसमोरही दिवट्याच. लग्नानंतर त्याने हसणं बंद केलं, पण थोरल्याच्या ते लक्षात आलं नाही. हसणारं गिऱ्हाईक होतंच.

मग एक दिवस धाकट्याने दिवा खाली ठेवला आणि प्लॅस्टिकच्या वस्तू ओतणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. थोरला आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला की बादल्या बनवायला गेलाय. धाकटा मात्र रोज संध्याकाळी घरी टेबलाशी बसून काही तरी कापत, चिकटवत, फेकून देत होता. अखेर तो एक जाडसर पेन घेऊन थोरल्याच्या घरी आला. पेनच्या एका टोकाला बारीक ब्रश होता. दुसरं टोक तिरपं कापलेलं, मऊसर आणि गुळगुळीत, चपट्या ओठासारखं. ब्रशने रंग टेकवायचा, पेन उलटायचं, आणि ते तिरपं टोक रेघेवरून एकदा हलकेच ओढायचं. वरचा रंग निघून जातो, रेघेतला तेवढा राहतो. टिकली नाही, घासाघाशी नाही.

वहिनीने स्वयंपाकघरातला ओरखडे पडलेला रंगीत डबा पुढे केला. धाकट्याने त्याच्यावरचा ओरखडा भरला, मग वहिनीच्या हातात पेन देऊन तिच्याकडून दुसरा भरून घेतला. दोन्ही दिसेनासे झाले. वहिनी हरखली.

थोरल्याने पेन हातात घेतलं, या टोकाने बघितलं, त्या टोकाने बघितलं. धाकटा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. थोरल्याला वाटलं, शाबासकीची वाट बघतोय.

"बरंय," तो म्हणाला. "पोरांना खेळायला."

धाकटा आणखी थोडा वेळ तसाच बघत राहिला. मग त्याने पेन उचलून खिशात घातलं आणि चहा न पिताच गेला.

त्याने पेटंटसाठी अर्ज केला. कारखान्याचा मालक म्हणाला, पेटंट हातात पडलं की साचा बनवू, तुला त्या विभागाचा प्रमुख करू. नाही पडलं तर कुणीही उद्या तेच करेल, मग मी कशाला हात घालू. धाकट्याने नोकरीतली पाळी सोडून सगळा वेळ त्या पेनमागे घातला, आणि मालकाने त्याची पाळी दुसऱ्या माणसाला देऊन टाकली. म्हणजे हिशेब सरळ होता. पेटंट मिळालं तर धाकटा स्वतःच्या पायावर उभा. नाही मिळालं तर पुन्हा थोरल्याच्या शेडमध्ये दिवा धरायला. हे धाकट्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि थोरल्यालाही माहीत होतं. थोरल्याला त्यातलं दुसरं तितकंसं वाईट वाटत नव्हतं. धाकटा गेल्यापासून शेडमध्ये दिवा एका लोखंडी दांड्याला बांधलेला असायचा, आणि तो नेहमी नाकावरच पडायचा.

अर्जाला एका रंगकंपनीने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की यात शोध कसला, हे कुणालाही सुचेल. आणि कुणालाही सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही.

धाकट्याची वकीलबाई तरतरीत होती. तिने सांगितलं की आपल्याला एक साक्षीदार लागेल. या धंद्यात मुरलेला, ज्याने आयुष्यभर टिकलीशी झटापट केली आणि ज्याला हा उपाय सुचला नाही, असा माणूस.

"दादा नको," धाकटा म्हणाला. थोरला तिथेच, तिच्या कचेरीत, बसला होता. पेटंट म्हणजे काय भानगड आहे ते बघू, म्हणून मुद्दाम आला होता.

"का नको?" त्याने विचारलं.

"नको म्हणजे नको. पलीकडच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला विचारतो मी."

"त्या हेंगाड्याला? त्याला फ्रिज दिला तर खवले आलेला मासा परत देतो तो. माझ्या घरात वाढलास आणि साक्षीला माणूस बाहेरून आणतोस?"

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्याकडे नाही म्हणायला कारण होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं. थोरल्याला एवढंच कळलं की आपला भाऊ आपल्याला नको म्हणतोय. मग तर तो हट्टालाच पेटला. वकीलबाईही खूश झाली. सख्खा भाऊ साक्षीला उभा राहिला तर लोक शंका घेतात, पण आपण कमी पडलो असं सांगायला उभा राहिला तर घेत नाहीत, असं ती म्हणाली.

तिने प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवला. "मी या व्यवसायातला सर्वसाधारण कारागीर असून..."

"कोण?" थोरल्याने विचारलं.

"सर्वसाधारण. कायद्याला तसाच माणूस लागतो, काका. फार हुशार नको, ढ पण नको. चारचौघांसारखा. त्याला जे सुचणार नाही तोच शोध."

"चारचौघांसारखा," थोरला म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नुसतं कागदावर हो. पुढे आहे की रंग भरल्यावर टिकली उरते आणि ती घासावी लागते."

"इतरांची उरते. माझी नाही उरत."

वकीलबाईने वाचणं थांबवलं. "तुमची का नाही उरत?"

थोरल्याने पंजा वर केला. "हात."

बाई हसली. "हे तिथे नका सांगू हं. तिथे तुमचीही उरते." धाकटा तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होता. थोरल्याने सही केली. भावासाठी आपण केवढं नाक कापून घेतोय, हे त्याने घरी येऊन वहिनीला जेवणभर ऐकवलं. वहिनी म्हणाली, "एक दिवस नाक कापलं तर काही होत नाही. तेवढंच रात्री घोरणं कमी होईल."

"मी घोरत नाही," थोरला म्हणाला. हे भांडण लग्न झाल्यापासूनचं होतं. वहिनी, धाकटा, शेजारचे, सगळे सांगायचे, पण स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नसल्यामुळे थोरल्याला ते मान्य नव्हतं.

सुनावणीची खोली लांबट होती. मधोमध काच टाकलेलं टेबल, त्याच्या एका टोकाला अधिकारी. चष्मा कपाळावर चढवलेला, गालात खोकल्याची गोळी. कंपनीचा वकील गोरागोमटा, गुबगुबीत, बोलायला इतका गोड की समोरच्याला वाटावं हा आपल्याच बाजूचा आहे. वकीलबाईने ठरवलं होतं की आधी थोरल्याने साध्या ब्रशने ओरखडा भरून टिकली दाखवायची, मग धाकट्याने पेनने भरून दाखवायचा. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पांढऱ्या रंगाचा पत्रा ठेवला होता. पत्र्यावर सारखे ओरखडे ओढलेले. शेजारी रंगाची बाटली आणि दुकानातून आणलेला कोरा ब्रश.

कंपनीच्या वकिलाने सुरुवात केली. "काका, तुम्ही या धंद्यातले सर्वसाधारण कारागीर. बरोबर ना?"

 वकीलबाईने थोरल्याच्या कोपराला हात लावला.

"बरोबर," तो म्हणाला.

"म्हणजे तुमच्यात आणि पलीकडच्या गल्लीतल्या रंगाऱ्यात काही फरक नाही."

त्या रंगाऱ्याचं याला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. थोरल्याने वकीलबाईकडे बघितलं. "नाही."

"असा एवढासा ओरखडा, आणि तो तुम्हाला कधी धड भरता आला नाही."

"भरता येतो. टिकली राहते."

"अरेरे," वकील म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं असं ते अरेरे होतं. "दाखवा बरं."

थोरल्याने मनाशी पक्कं केलं होतं की टिकली ठेवायची. भावासाठी एक टिकली. त्यात काही मरण नव्हतं. त्याने ब्रश उचलला, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. दांडीची मागची शेपटी गोल होती. असा ब्रश तो हातात धरतच नसे. त्याने खिशातून पातं काढलं आणि ब्रशच्या दांडीचं टोक एका घावात तिरपं कापलं, अंगठ्याने घासून गुळगुळीत केलं.

"हे कशाला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कानामागे नीट बसावा म्हणून, साहेब. गोल असला की घसरतो." तो नवा ब्रश आणला की पहिल्यांदा शेपटी कापायचा. कुणीही विचारलं तर हेच सांगायचा, आणि त्याला स्वतःलाही हेच वाटत होतं.

धाकट्याने डोळे मिटून घेतले.

थोरला पत्र्यावर वाकला. रंग टेकवला, सरळ झाला, ब्रश कानामागे खोचला. झालं. अधिकारी खुर्चीतून उठला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पत्रा उजेडाकडे तिरपा धरला. इकडून बघितला, तिकडून बघितला.

"टिकली कुठे आहे?"

थोरल्याने पण बघितलं. नव्हती. त्याला घाम फुटला, आणि खोटं कशाला बोला, घामाच्या खाली थोडं बरंही वाटलं. गुबगुबीत वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"पुन्हा करा," अधिकारी म्हणाला. या वेळी तो थोरल्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. थोरल्याच्या पाठीला मुंग्या आल्या. साहेबाला मागे सरका म्हणणं शक्य नव्हतं. त्याने रंग टेकवला.

"थांबा. हलू नका."

थोरला थांबला आणि त्याने आपल्या हाताकडे बघितलं. ब्रश उलटा होता. केस वर छताकडे, आणि कापलेली शेपटी रेघेच्या अर्ध्यावर टेकलेली. शेपटीच्या मागे रंग रेघेत गुमान बसला होता, पुढे अजून काठावर चढलेला होता.

"हे काय करताय?"

"रंग भरतोय."

"रंग भरून झाला. आत्ता काय करताय?"

 थोरला त्या हाताकडे बघत राहिला. आयुष्यभर तो पंजा वर करून लोकांना दाखवला होता, पण काम करताना त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. तो बघायचा ओरखड्याकडे. हाताकडे बघत होता तो दिवा धरलेला पोरगा.

कंपनीच्या वकिलाने धाकट्याचं पेन उचललं आणि त्या ब्रशशेजारी ठेवलं. तिरपं टोक तिरप्या टोकाशेजारी.  

पण वकीलबाई उगाच तरतरीत नव्हती. ती ताडकन उठली. "साहेब, हेच तर आमचं म्हणणं आहे. हे काका ही गोष्ट वर्षानुवर्षं करतायत आणि यांना स्वतःला पत्ता नाही. ब्रश कानामागे बसावा म्हणून शेपटी कापतो म्हणाले, तुमच्यासमोर म्हणाले. जे करणाऱ्याच्या हातात असून त्याला दिसलं नाही, ते उघड कसं म्हणायचं? ते यांच्या भावाला दिसलं. त्याने त्याचं अवजार केलं. शोध म्हणजे आणखी काय असतं?"

अधिकाऱ्याने गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला केली. "मुद्दा आहे," तो म्हणाला. खुर्चीत जाऊन बसला आणि थोरल्याकडे वळला. "मला एवढंच सांगा. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं. नव्हतं म्हटलं की धाकटा जिंकत होता. आणि नव्हतं हेच खरं होतं. धाकट्याने मान वर केली. लहानपणी दिवा धरून हात भरून आला की तो असाच बघायचा, बोलायचा नाही. थोरल्याने ते बघितलं. आपण नव्हतं म्हणणार आहोत असं त्याला वाटलं. शब्द ओठांवर आलाही होता.

तेवढ्यात कंपनीचा वकील आपल्या त्या गोड आवाजात म्हणाला, "म्हणजे काका, ज्या करामतीवर तुमचं नाव चालतं, ती तुम्ही झोपेतच करता म्हणायची. घोरल्यासारखी."

खोलीत कुणी तरी हसलं. ते हसू थोरल्याच्या ओळखीचं होतं. गिऱ्हाइकं असंच हसायची, दिवट्याला.

"माहीत होतं," थोरला म्हणाला.

"दादा," धाकटा म्हणाला.

"माहीत नसायला मी काय येडा आहे? इतकी वर्षं काय डोळे मिटून काम केलं? शेपटी कापतो ती त्यासाठीच कापतो. कानाचं आपलं सांगायला. धंद्यातली गोष्ट कोण सांगतं बाहेर?"

"आणि त्यात शोध असा काही वाटला नाही तुम्हाला?" अधिकाऱ्याने विचारलं.

थोरल्याचा आता पाय घसरला होता आणि घसरताना तो छाती काढून चालत होता. "शोध कसला आलाय त्यात? रंग जास्त झाला तर पुसायचा. कुणीही पुसेल."

"कुणीही?"

"कुणीही," थोरला ठासून म्हणाला.

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. वकीलबाई खाली बसली आणि तिने आपली फाईल बंद केली. अवघ्या एका शब्दात थोरल्याने भावाचं पेन खाल्लं आणि त्याबरोबर स्वतःचा पंजाही. पहिलं त्याला लगेच कळलं. दुसरं जिना उतरताना कळायला लागलं.

धाकटा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. थोरल्याने मनात धरलं होतं की तो चिडेल, ओरडेल, मग आपणही ओरडू आणि मोकळं होऊ. धाकटा शांत होता.

"तुला माहीत नव्हतं, दादा."

"होतं."

"तुझ्या घरी पेन आणलं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, ओळखलंस तर अर्जात तुझं नाव आधी घालायचं. तू खेळणं म्हणालास."

हे खरं होतं की तिथल्या तिथे सुचलेलं, देव जाणे. धाकट्यानेही भावाच्या हातातली गोष्ट त्याला न सांगता उचलली होतीच, तेव्हा त्याला फार सोवळं समजायचं कारण नाही. पण घाव बरोबर बसला. थोरल्याला काही तरी चांगलं बोलावंसं वाटलं. त्याला खरंच तसं वाटलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते असं:

"जाऊ दे ना. उद्यापासून शेडमध्ये ये. दिवा रिकामाच आहे."

 धाकटा हसला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"तुझा हात काय करतो ते आजपर्यंत तुला माहीत नव्हतं, म्हणून चाललं," तो म्हणाला. "आता माहीत झालंय. आता करून बघ."

घरी वहिनीला सगळं आधीच कळलं होतं. धाकट्याची बायको येऊन रडून गेली होती. वहिनीने थोरल्याला वाढलं आणि समोर बसली. तिने त्या पोराला लहानाचं मोठं केलं होतं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, आणि आता तो शेडमध्येच काय, या घरातही पाय ठेवणार नव्हता.

"माहीत होतं म्हणालात?"

"होतं म्हणून म्हणालो."

"मी एवढी वर्षं शेजारी झोपते. तुम्ही घोरता हे तुम्हाला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "आणि लेकराचं वाटोळं करायला बरं सगळं माहीत झालं." ताट तसंच ठेवून ती उठली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलते.

धाकटा एका गोदामात फ्रिज उतरवायला लागला. तिथे ते घासतात, हेही त्याला बघावं लागत असेल. निकाल यथावकाश लागला. त्यात लिहिलं होतं की जास्तीचा रंग पुसून घेणं ही या व्यवसायातल्या कोणत्याही सर्वसाधारण कारागिराला सहज सुचणारी गोष्ट आहे, आणि त्याला पुरावा म्हणून थोरल्याची साक्ष दिली होती. मग रंगकंपनीने तसंच पेन बाजारात आणलं. आता ते खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानातही टांगलेलं असतं.

सुनावणीनंतरच्या सकाळी थोरला नेहमीसारखा शेडमध्ये जाऊन बसला. एका नव्या कपाटाचं दार आलं होतं, मधोमध लांब ओरखडा. त्याने रंग टेकवला आणि हाताची वाट बघितली. हात उलटला नाही. मग त्याने मुद्दाम उलटला, आणि शेपटी रेघेवर ठेवताना त्याला प्रश्न पडला की किती दाबून, किती तिरपी, कधी, लगेच की थोडं थांबून. हे प्रश्न त्याला कधीच पडले नव्हते, म्हणून उत्तरंही नव्हती. शेपटीने रंग रेघेतून उपसून काढला. त्याने पुन्हा भरला, पुन्हा ओढला, तर रंग फासला गेला. डोळे मिटून करून बघितलं. दुसरीकडे बघत, गाणं गुणगुणत करून बघितलं. मेलं ते मन जाऊन हातावरच बसायचं. शेवटी शेपटी न लावताच सोडलं, आणि वाळल्यावर टिकली आली. त्याने टेबलाचा खण उघडून पॉलिश पेपर काढला. तो कोरा होता.

लोकांना वाटलं, वयाने होत असेल. गिऱ्हाइकं काही दिवस जुन्या नावावर येत राहिली. एक जण मोटारीचं दार घेऊन आला होता. न्यायला आला तेव्हा दाराभोवती फिरला, वाकला, आणि थोरल्याचं ते जुनं वाक्य त्याला आठवलं असणार, कारण तो मजेत होता.

"सापडला, उस्ताद," तो म्हणाला आणि त्याने टिकलीवर बोट ठेवलं. "आमच्याकडे ते पेन आणलंय. परवा बायकोने फ्रिज केला. काहीसुद्धा दिसत नाही."

थोरल्याने ब्रश कानामागे खोचला. हल्ली तो शेपटी कापत नसे. ब्रश घसरला आणि जमिनीवर पडला, आणि तो उचलायला खाली वाकल्यावर थोरला लवकर वर आला नाही.